प्रोसेसर इंटेलचा घ्यावा की एएमडीचा? टिकण्याच्या दृष्टीने सविस्तर उत्तर

लग्नसमारंभांच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी नवा डेस्कटॉप असेंबल करून घेऊ इच्छिणाऱ्या लातूरच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, टिकण्याच्या दृष्टीने इंटेल चांगला की एएमडी. त्यांच्या दुकानदाराचे म्हणणे असे की एएमडी तापतो आणि दोन-तीन वर्षांत जातो. मित्राचे म्हणणे नेमके उलट, की इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर खराब होत आहेत. संगणक सहा-सात वर्षे चालावा अशी त्यांची अपेक्षा आहे. शिवाय ओळखीतून एक वापरलेला कोअर आय९-१३९००के स्वस्तात मिळतो आहे, तो घ्यावा का, असेही त्यांनी विचारले आहे.

मी पुण्यात बरीच वर्षे डेस्कटॉप असेंबल करतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर रोज हाताखालून जातात. माझे मत आधीच सांगतो: आज ब्रँडच्या नावावरून प्रोसेसरच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधता येत नाही. टिकाऊपणा ठरतो तो प्रोसेसरची नेमकी पिढी कोणती, मदरबोर्ड त्याला किती व्होल्टेज देतो आणि भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज कशी आहे, या तीन गोष्टींवर. दुकानदार आणि मित्र या दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. मात्र दोघेही एका पिढीचा दोष संपूर्ण ब्रँडच्या माथी मारत आहेत.

तुमच्या प्रश्नामागची खरी भीती प्रोसेसर मरण्याची नसावी. ऐन लग्नसराईत, डिलिव्हरीची तारीख तोंडावर असताना रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल तयार होणे) अर्ध्यावर थांबेल, आणि मग संगणक पुन्हा कामाला लागायला किती दिवस जातील, ही ती भीती आहे. म्हणून विश्वासार्हतेचे दोन भाग करून विचार करावा लागतो. यंत्र किती वेळा अडते, हा पहिला भाग. अडले तर किती लवकर आणि किती खर्चात उभे राहते, हा दुसरा. दुसऱ्या भागाचा विचार खरेदीच्या वेळी जवळपास कोणीच करत नाही, आणि पश्चात्ताप बहुधा त्याच भागाचा होतो.

दुरुस्तीच्या टेबलावर जे येते त्यावरून सांगायचे तर, बंद पडलेल्या संगणकांमध्ये सर्वांत जास्त वेळा दोषी निघतो तो एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), त्यानंतर हार्ड डिस्क किंवा एसएसडी, मग रॅम आणि मदरबोर्ड. प्रोसेसर या यादीत अगदी शेवटी येतो. नवीन असताना चाचणीत उत्तीर्ण झालेला आणि कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत चालवलेला प्रोसेसर सहसा मालक कंटाळून बदलेपर्यंत चालतो. ‘प्रोसेसर गेला’ अशी तक्रार घेऊन आलेल्या संगणकात बहुतेक वेळा प्रोसेसर ठणठणीत असतो आणि बिघाड शेजारच्या भागात असतो.

आता दुकानदाराचे म्हणणे पाहू. एएमडी तापतो, ही समजूत कुठून आली ते ठाऊक असले की तिचे आजचे मोल कळते. २००० च्या सुमारास आलेल्या ॲथलॉन थंडरबर्ड प्रोसेसरमध्ये स्वतःचे तापमान ओळखून थांबण्याची सोय चिपमध्ये नव्हती. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता शोषणारा धातूचा भाग) निसटला तर तो काही क्षणांत जळत असे, तर त्याच काळातला पेंटियम ४ वेग कमी करून स्वतःला वाचवत असे. पुढे २०१३ मध्ये एएमडीने एफएक्स-९५९० हा तब्बल २२० वॅटचा प्रोसेसर आणला आणि समजूत आणखी पक्की झाली. त्या वेळी ती रास्तही होती. आता दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर तापमानाची सीमा गाठली की आपोआप वेग उतरवतात आणि त्यानेही भागले नाही तर बंद होतात.

तरीही गोंधळ होतो, कारण २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली मुद्दामच ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जातात. कूलर जितकी उष्णता बाहेर काढू शकेल तितका वेग घ्यायचा, हे त्यांच्या रचनेतच आहे, आणि एएमडीच्या म्हणण्यानुसार ९५ अंशांवर सतत चालण्यासाठीच ते बनवलेले आहेत. इंटेलच्या अनेक प्रोसेसरची सीमा तर १०० अंश आहे. त्यामुळे स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा पाहून कोणता ब्रँड लवकर जाईल हे सांगता येत नाही. त्या तापमानाला व्होल्टेज किती आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मित्राने सांगितलेली गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण व्होल्टेजचे महत्त्व तिच्यातूनच कळते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, विशेषतः आय७ आणि आय९ मध्ये, काही महिन्यांच्या वापरानंतर विचित्र बिघाड दिसू लागले. खेळ मध्येच बंद पडत. पडद्यावर ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा संदेश येई, प्रत्यक्षात कार्ड व्यवस्थित असे. झिप फाइल उघडताना चूक येई, ड्रायव्हर इन्स्टॉल होत नसे. २०२४ मध्ये इंटेलने मूळ कारण जाहीर केले. प्रोसेसरमधील कोअरच्या (प्रत्यक्ष हिशेब करणाऱ्या भागाच्या) घड्याळ-संकेताचे, म्हणजे कामाचा ताल राखणाऱ्या संकेताचे, मंडल जास्त व्होल्टेज आणि तापमानाखाली अकाली झिजत होते. ते झिजले की त्याच वेगाने चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज वाढते. मिळणारे व्होल्टेज त्यापेक्षा कमी पडले की हिशेब चुकतो आणि प्रोग्रॅम कोसळतो.

जास्त व्होल्टेज येत होते कुठून? काही मदरबोर्ड इंटेलच्या शिफारशीपेक्षा सैल मर्यादा ठेवून येत होते, हे एक. खुद्द इंटेलच्या मायक्रोकोडमध्येही (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांमध्येही) दोष होते, हे दुसरे: उच्च वेगासाठी प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि संगणक जवळपास रिकामा किंवा हलक्या कामात असतानाही अशी मागणी होत होती. हा शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. ‘मी कुठे जड काम करतो, माझ्या प्रोसेसरला काय होणार’ हा युक्तिवाद या पिढीला लागू पडत नव्हता, कारण एखाददुसरा कोअर क्षणभर अतिवेगाने धावतो तेव्हाच व्होल्टेज सर्वाधिक असते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला आणि १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला आळा घातला. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला, त्यात हलक्या कामाच्या वेळची मागणी सुधारली होती. हे अपडेट बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, येतात. बाधित मॉडेलच्या सीलबंद बॉक्समधून विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांची पाच वर्षे करण्यात आली. अपडेट पुढची झीज रोखतो, झालेली झीज भरून काढत नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा.

बारावी पिढी आणि २०२४ च्या शेवटी आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका या दोषातून मुक्त आहेत, असे इंटेलने स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘इंटेल खराब झाला’ असे सरसकट म्हणणे चूक आहे. आणि एएमडीला या बाबतीत धुतल्या तांदळासारखे समजणेही चूकच. २०१७ मध्ये पहिल्या रायझनच्या सुरुवातीच्या काही प्रोसेसरवर लिनक्समध्ये जड कंपायलिंग (प्रोग्रॅमच्या मजकुरापासून चालणारी फाइल बनवणे) करताना प्रोग्रॅम कोसळत आणि एएमडीला ते बदलून द्यावे लागले. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डवरच्या सॉकेटसकट (तो बसतो त्या खाचेसकट) जळाल्याच्या घटना पुढे आल्या. रॅमचे एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (रॅमशी संपर्क ठेवणाऱ्या भागाला) जास्त व्होल्टेज देत होते, आणि एएमडीने बायोसद्वारे ते १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केले. दोन्ही कंपन्यांच्या या दोन मोठ्या प्रकरणांत समान धागा एकच आहे: जास्त व्होल्टेज, ते रोखायला अपुरी पडलेली बायोसची मर्यादा आणि त्यावर नंतर आलेला बायोस अपडेट.

या निष्कर्षाला बाहेरूनही आधार आहे. प्युजेट सिस्टिम्स ही अमेरिकेतील वर्कस्टेशन बांधणारी कंपनी आपल्या संगणकांतील बिघाडांची नोंद ठेवते, आणि कारखान्यातल्या चाचणीत सापडलेले बिघाड व ग्राहकाकडे गेल्यावर झालेले बिघाड वेगवेगळे मोजते. इंटेलचे प्रकरण गाजत असताना, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांनी आपली आकडेवारी प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेलचे एकूण बिघाड रायझन ५००० आणि ७००० पेक्षा कमी निघाले, आणि सर्वांत वाईट ठरली ती इंटेलचीच अकरावी पिढी. मदरबोर्ड उत्पादकांच्या डीफॉल्टवर विसंबून न राहता आपण इंटेल व एएमडीच्या मूळ मर्यादेतच प्रोसेसर चालवतो, असे त्यांनी सोबत सांगितले होते. इतरत्र बदनाम झालेला प्रोसेसर संयमाने चालवला तर किती वेगळा वागतो, हे मला या आकडेवारीत सर्वांत मोलाचे वाटते.

त्यामुळे नवा संगणक हातात आल्यावर पहिले काम बायोसचे. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा बायोस घ्या आणि अपडेट करताना यूपीएस पूर्ण चार्ज असल्याची खात्री करा, कारण अपडेटच्या मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. बायोस फ्लॅशबॅकचे बटण (पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरण्याची सोय) असलेला मदरबोर्ड अशा वेळी वाचवतो. इंटेल असेल तर ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ हे प्रोफाइल निवडा. अनेक मदरबोर्ड पॉवरची मर्यादा ४०९६ वॅट, म्हणजे व्यवहारात अमर्याद, अशी ठेवत असत. आय९-१४९००के साठी इंटेलची मूळ मर्यादा २५३ वॅट आहे, यावरून फरक लक्षात येईल. एएमडी असेल तर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (मर्यादेपलीकडे वेग वाढवणारी सेटिंग) बंद ठेवा आणि मोठा प्रोसेसर असल्यास इको मोडचा (कमी वॅटवर चालवणाऱ्या सेटिंगचा) विचार करा. दोन्हीकडे वेगात होणारी घट एडिटिंग करताना क्वचितच जाणवते. व्होल्टेज आणि उष्णतेत होणारी घट मात्र वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

यापुढचे बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून एकच उत्तर सर्वांना देता येणार नाही. लातूरचा उन्हाळा हा त्यातला मोठा भाग. खोलीचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच प्रोसेसरचे वाढते. जानेवारीत ७५ अंशांवर रेंडर करणारा संगणक मे महिन्याच्या दुपारी, बंद खोलीत आणि एसी नसताना ९० च्या पुढे जाऊ शकतो. अशा ठिकाणी ६५ वॅटचा प्रोसेसर आणि त्याला गरजेपेक्षा एक पायरी मोठा कूलर, ही जोडी मी नेहमी सुचवतो. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी असावी, काच नसावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढावी.

वीजपुरवठा हा दुसरा भाग, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. तीन पिनचे सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे होत नाही. जुन्या घरांत आणि गाळ्यांत अर्थची तार कित्येकदा कुठेच जोडलेली नसते. वायरमनकडून मल्टिमीटरने अर्थ आणि न्यूट्रलमधले व्होल्टेज तपासून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवे, आणि फेज व अर्थमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसायला हवे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर प्रोसेसरच्या ब्रँडची चर्चा बाजूला ठेवून आधी अर्थिंग करून घ्यावे. एसएमपीएस घेताना ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमता सांगतो, संरक्षण सांगत नाही, हे लक्षात असू द्या. कंपनीने किती वर्षांची वॉरंटी दिली आहे, हा मला अधिक बोलका निकष वाटतो. यूपीएसचेही तसेच आहे. ६०० व्हीएचा लहान यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच भार घेतो. ग्राफिक्स कार्डासह रेंडर चालू असताना वीज गेली तर तो संगणकासकट बंद पडतो. तुमच्या कामासाठी निदान १००० व्हीएच्या वरचा घ्यावा.

रॅमबद्दल थोडक्यात. एडिटिंगमध्ये संगणक अचानक रीस्टार्ट होतो तेव्हा लोक प्रोसेसरवर संशय घेतात, पण कारण बहुधा रॅम असते. एक्सएमपी आणि एक्स्पो ही रॅमची प्रोफाइल म्हणजे औपचारिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच (अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) आहे. डीडीआर५ या आजच्या रॅम प्रकारात चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग बराच खाली येतो. रायझन ७००० मध्ये तो दोन पट्ट्यांना ५२०० एमटी/सेकंद आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे. म्हणून ६४ जीबी हवे असेल तर १६ च्या चार पट्ट्यांऐवजी ३२ च्या दोन पट्ट्या घ्या.

आता अडलेले यंत्र लवकर उभे करण्याचा भाग. पाच वर्षांनी बिघडण्याची शक्यता प्रोसेसरपेक्षा मदरबोर्डची जास्त, आणि तोपर्यंत त्या सॉकेटचा नवा मदरबोर्ड बाजारात मिळाला नाही तर प्रोसेसर आणि कदाचित रॅमही नव्याने घ्यावी लागते. इथे एएमडीची बाजू खरोखर भक्कम आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये रायझन आला आणि त्याच सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघाले. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचे एलजीए१७०० सॉकेट बारावी ते चौदावी अशा तीन पिढ्यांपुरते चालले आणि कोअर अल्ट्रा २०० साठी नवे एलजीए१८५१ आले. सहा-सात वर्षांचा विचार करणाऱ्या माणसासाठी हा फरक ‘कोण जास्त तापतो’ या वादापेक्षा कितीतरी मोठा आहे.

वॉरंटीही याच भागात येते. दोन्ही कंपन्यांच्या सीलबंद बॉक्स प्रोसेसरला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची थेट वॉरंटी असते. दुकानात काही वेळा त्याहून स्वस्त ‘ट्रे’ प्रोसेसर दाखवतात. त्याची जबाबदारी बहुधा विक्रेत्यावर असते, कंपनीवर नाही. बॉक्सवरचा अनुक्रमांक आणि प्रोसेसरवरचा अनुक्रमांक जुळवून पाहा, तो जीएसटी बिलावर लिहून घ्या आणि रिकामा बॉक्स जपून ठेवा. एएम५ आणि इंटेल या दोन्हींमध्ये पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, म्हणून सॉकेट उघडताना आपल्यासमोर तपासायला सांगावे.

तुमच्यासाठी मी काय निवडेन? तुमचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ चे (जास्त रंगमाहिती साठवणारे) एच.२६५ चित्रीकरण करत असतील तर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक हे व्हिडिओ उलगडणारे खास मंडल ते सहज उलगडते, एएमडीचे अंगभूत ग्राफिक्स उलगडत नाही. असे चित्रीकरण असेल आणि ग्राफिक्स कार्डही त्याला मदत करणारे नसेल, तर कोअर अल्ट्रा २०० मालिकेतला प्रोसेसर घ्या, मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला नको, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. चित्रीकरण साध्या ८-बिटचे असेल, किंवा ४:२:२ उलगडणारे एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेचे ग्राफिक्स कार्ड घेणार असाल, तर एएम५ वरचा ६५ वॅटचा रायझन ७ घ्या आणि वाचलेले पैसे एसएमपीएस, यूपीएस आणि बॅकअपच्या डिस्कमध्ये घाला. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी टिकण्याच्या बाबतीत मला चिंता वाटणार नाही. एक मात्र करा: खरेदी लग्नसराईच्या निदान महिनाभर आधी करा आणि पहिल्या पंधरवड्यात संगणकाला भरपूर राबवा. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा, मग काही तास सलग रेंडर करा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातल्या घडामोडींच्या नोंदवहीत) डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद दिसते का ते पाहा. १८ किंवा १९ क्रमांकाची अशी नोंद दिसली तर ताबडतोब दुकानदाराकडे जा. सदोष भाग बहुधा याच काळात उघडे पडतात आणि बदलून मिळणेही याच काळात सर्वांत सोपे असते.

राहिला तो वापरलेला आय९-१३९००के. तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधीच्या मालकाने ०एक्स१२९ च्या आधीच्या बायोसवर तो किती काळ चालवला हे बाहेरून कळत नाही, आणि झीज झाली असेल तर नवा बायोस ती भरून काढणार नाही. काही तासांच्या चाचणीत तो निर्दोष दिसला तरी भरवसा धरता येत नाही, कारण किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकते आणि चुका सुरुवातीला अधूनमधूनच होतात. एकाच परिस्थितीत विचार करता येईल: मूळ बॉक्स, मूळ बिल आणि वाढीव पाच वर्षांच्या वॉरंटीतला निदान दोन वर्षांचा काळ शिल्लक असेल, आणि अनुक्रमांकासह ती वॉरंटी तुम्हाला लागू होईल हे इंटेलच्या ग्राहक सेवेकडून लेखी कळले असेल, तर. तेव्हाही तो बदलून मिळेपर्यंत हातातली कामे कशावर करणार, याची सोय आधी करून ठेवावी लागेल.